सावकाश जेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं

रोजच्या धावपळीचा वेग कमी करायचा ठरवलं की बहुतेक जण एकदम मोठे संकल्प सोडतात. पहाटे उठून ध्यान, रात्री फोन बंद, रविवारी बागकाम. पंधरवड्यात हे सगळं बारगळतं, कारण ही नव्याने घुसवलेली कामं असतात आणि दिवस आधीच गच्च भरलेला असतो. जेवणाचं तसं नाही. ते दिवसातून दोनदा होतंच. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, आहे तोच दहा-बारा मिनिटांनी वाढवायचा असतो. शिवाय बदल झाला की नाही हे घड्याळ सांगतं आणि पोटही सांगतं. म्हणून सावकाश जगायला शिकायचं असेल तर सुरुवात ताटापासून करावी, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

‘नीट चावून खा’ हा सल्ला आपण लहानपणापासून ऐकतो आणि तो कुणीच पाळत नाही. त्यात आळस हे कारण नाही. सल्ला सगळा भार जबड्यावर टाकतो, आणि जेवणाचा वेग ठरतो हातावर.

घरात कुणी भराभर जेवत असेल तर त्याच्या बोटांकडे बघा. घास तोंडात गेला रे गेला की बोटं पोळीचा पुढचा तुकडा तोडतात, त्यात भाजी धरतात, आणि तो तयार घास ताटावर अधांतरी थांबतो. हातात घास तयार असला की तोंडातला घास अर्धवट चावून गिळला जातोच. मनाने कितीही ठरवलं तरी हे टळत नाही. काट्या-चमच्याने जेवणाऱ्यांना ‘दोन घासांच्या मध्ये काटा खाली ठेवा’ असं सांगतात. हाताने जेवणाऱ्याला ते जसंच्या तसं लागू पडत नाही, कारण हात खाली ठेवला तरी तो ताटातच असतो आणि काम करत राहतो. आपल्यासाठी नियम असा: तोंडातला घास गिळून झाल्याशिवाय पुढचा तुकडा तोडायचा नाही. तोवर मनगट ताटाच्या कडेला टेकवून ठेवायचं. जबड्याला काहीही सांगावं लागत नाही, तो आपोआप जास्त चावतो.

भाताला हा नियम थोडा बदलावा लागतो. आपण आमटी ओतून सगळा भात एकदम कालवतो. मग तो तयार ढीग समोर असतो आणि बोटं थांबत नाहीत. एका वेळी तीन-चार घासांपुरताच भात कालवा आणि तो संपल्यावर पुढची आमटी घ्या. भात कोरडा राहिला म्हणून काही बिघडत नाही, आमटीची वाटी जवळच असते.

आता थोडा हिशोब. दोन पोळ्या खाणारा माणूस एका पोळीचे साधारण आठ-दहा घास करतो. त्यावर भाताचे दहा-बारा घास. म्हणजे जेवण सुमारे तीस घासांचं. एका घासाला पंधरा-सोळा सेकंद दिले तर ते आठ मिनिटांत आटोपतं. चाळीस सेकंद दिले तर वीस मिनिटं लागतात. फरक घासामागे पंचवीस सेकंदांचाच आहे. म्हणून तासभर बसायची गरज नाही. वीस मिनिटं पुष्कळ झाली.

वीसच का?

भूक आणि तृप्तीचे निरोप मेंदूकडे वेगवेगळ्या वाटांनी आणि वेगवेगळ्या वेळी पोचतात. रिकामं जठर जेमतेम पन्नास-पाऊणशे मिलिलिटरचं असतं. जेवताना ते सैल होत लिटरभर किंवा त्याहून जास्त सामावून घेतं. त्याच्या भिंतीत ताण ओळखणारे मज्जातंतूंचे शेवट असतात आणि ते व्हेगस नावाच्या लांब मज्जातंतूतून मेंदूच्या बुंध्याला खबर देतात. ही खबर सगळ्यात लवकर पोचते, पण ती फक्त आकारमानाची असते. पोटात काय आलं आहे हे तिला कळत नाही. जठरातून पहिला घोट लहान आतड्यात उतरला, त्यातलं तूप-तेल आणि डाळीतली प्रथिनं आतड्याच्या भिंतीला लागली, की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं. ते रक्तात वाढायला दहा-पंधरा मिनिटं जातात. आतड्याच्या खालच्या भागातून येणारी पीवायवाय आणि जीएलपी-१ ही संप्रेरकं आणखी सावकाश चढतात. जीएलपी-१ हे नाव वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांमुळे आता घरोघरी पोचलं आहे. त्या औषधांचा रेणू याच संप्रेरकाची नक्कल करतो.

वीस मिनिटांना काही दिवा लागत नाही. पण आठ मिनिटांत जेवण उरकलं, तर यातले बरेच निरोप हात धुऊन झाल्यावर पोचतात. ‘जेवताना कळलं नाही, आता पोट फुटेल असं वाटतंय’ ही तक्रार त्यातूनच येते.

यावरचा एक लहानसा प्रयोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अथेन्समधल्या संशोधकांनी सतरा निरोगी पुरुषांना ३०० मिलिलिटर आइस्क्रीम दिलं. एकदा पाच मिनिटांत संपवायला, एकदा तीस मिनिटांत. आइस्क्रीम तेच, माणसं तीच. सावकाश खाल्लं त्या दिवशी पीवायवाय आणि जीएलपी-१ दोन्ही जास्त वाढली. हे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. सतरा माणसं आणि एकच पदार्थ, त्यामुळे यावरून फार मोठे दावे करू नयेत. ‘सावकाश जेवा आणि दहा किलो उतरवा’ असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. भराभर जेवणाऱ्यांमध्ये स्थूलता जास्त आढळते हे खरं, पण नुसता वेग कमी केला म्हणून वजन भराभर उतरत नाही. कमी ढेकर, कमी जडपणा, पुरे झालं हे वेळेवर कळणं, एवढं पदरात पडलं तरी खूप आहे. ढेकरांचं कारण तर अगदी साधं आहे: घाईत घासाबरोबर हवाही गिळली जाते.

चावण्याचे आकडे मोजू नका

बत्तीस वेळा चावा, असं सांगणारे भेटतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाच्या गृहस्थांनी घास पार पातळ होईपर्यंत चावायची मोहीमच चालवली होती आणि तिचं वेडही पसरलं होतं. आकड्याला काही अर्थ नाही. वरण-भाताचा घास आठ-दहा चावण्यांत विरतो, तो बत्तीस वेळा चघळला तर जेवण म्हणजे शिक्षा होते. ज्वारीच्या भाकरीच्या घासाला वीस-पंचवीस सहज लागतात, शिळ्या भाकरीला त्याहून जास्त. घास जिभेवर गुळगुळीत झाला, त्यात वेगळा कण लागत नाही, आणि पाण्याचा घोट न घेता तो खाली उतरतो, एवढी खूण पुरे. प्रत्येक घासामागे पाणी प्यावंसं वाटत असेल तर घास कोरडाच ढकलला जातोय. जेवताना पाणी प्यायल्याने निरोगी माणसाचं पचन बिघडत नाही, तेव्हा तहान लागली तर जरूर प्या. फक्त घास ढकलण्यासाठी नको.

पदार्थ निवडतानाही वेग ठरून जातो. साबुदाण्याची खिचडी, मऊ उपमा, नूडल्स, चहात बुडवलेलं बिस्किट हे सगळं दातांना काम न देता घशाखाली जातं. भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, भाजलेले शेंगदाणे, काकडी-मुळ्याच्या जाड फोडी यांना वेळ द्यावाच लागतो. म्हणून कोशिंबीर किसण्याऐवजी चिरून करा. संत्र्याचा रस काढण्याऐवजी संत्रं सोलून खा. रसाचा पेला अर्ध्या मिनिटात रिकामा होतो, फळाला पाच मिनिटं लागतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांच्या गटाने वीस जणांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे पाकीटबंद, अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं घरच्यासारखं. दोन्ही वेळी हवं तितकं खायची मुभा होती. २०१९ साली आलेल्या त्या अभ्यासात पाकीटबंद अन्नावर लोकांनी रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या, आणि त्यांचा खाण्याचा वेगही जास्त होता.

बेदाण्याचा सराव

जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताणतणाव हलका करण्याचा एक कार्यक्रम सुरू केला. त्यातला एका बेदाण्याचा सराव आज जगभर शिकवला जातो. आपल्याकडे तर सांगलीचा बेदाणा भौगोलिक मानांकन मिळालेला माल आहे, तेव्हा सामग्रीची अडचण नाही. बी असलेली मनुका मात्र घेऊ नका, मध्येच बी चावली जाते आणि लक्ष उडतं.

एकच बेदाणा तळहातावर घ्या. अर्धा मिनिट नुसता बघा: सुरकुत्या कुठे खोल आहेत, देठाची खूण कुठल्या टोकाला आहे, उजेडात धरल्यावर कुठून उजेड आरपार येतो. मग बोटांत फिरवा, थोडा दाबा. नाकाशी न्या. इथे बहुतेकांच्या तोंडाला पाणी सुटतं, आणि ते नुसतं कल्पनेने सुटत नाही. अन्न दिसणं आणि त्याचा वास येणं यानेच लाळ आणि जठरातला पाचकरस पाझरू लागतो. पचनावरच्या ज्या कामाबद्दल इव्हान पावलोव्ह यांना १९०४ साली नोबेल मिळालं, त्यात हे येतं. आता बेदाणा जिभेवर ठेवा, पण वीसेक सेकंद चावू नका. सुरुवातीला तो जवळजवळ बेचव लागतो, कारण साखर लाळेत विरघळल्याशिवाय जिभेला कळत नाही. मग एकदाच चावा आणि थांबा. आधी गोड येतं, मागून किंचित आंबट. आणखी चावा. गिळायची इच्छा कुठल्या क्षणी होते ते बघा आणि मग गिळा. सगळं मिळून चार-पाच मिनिटं.

हा सराव एक-दोनदा करायचा असतो. रोजच्या जेवणात प्रत्येक घासाला असं करायला जाल तर आमटी गार होईल आणि घरचे वैतागतील. रोज फक्त पहिले तीन घास असे घ्या: वास, जिभेवर थोडा वेळ, चावणं, गिळणं. जुन्या रिवाजात जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवत, चित्राहुती घालत. त्यामागची श्रद्धा ज्याची त्याला, पण हात आणि अन्न यांच्यामध्ये अर्ध्या मिनिटाचा थांबा त्यातून मिळायचा. तो थांबा हवा असेल तर ताट वाढल्यावर हात लावण्याआधी पाच सावकाश श्वास घ्या.

फोन समोर असला की जेवण नेहमी भराभर होतं असं नाही, कधीकधी उलट रेंगाळतं. नुकसान दुसरीकडे होतं. काय आणि किती खाल्लं याची आठवण पुसट बनते, आणि पुढच्या वेळी किती भूक लागते हे काही अंशी त्या आठवणीवर ठरतं. बर्मिंगहॅम विद्यापीठात सुझॅन हिग्ज यांनी यावर बरंच काम केलं आहे. लक्ष नसताना जेवलेला माणूस त्या वेळी जास्त खातो आणि नंतरही जास्त खातो. फोन पालथा ठेवून भागत नाही, दुसऱ्या खोलीत ठेवावा. लहान मुलांना फोन दाखवून भरवण्याची सवय यासाठीच वाईट: तोंड आपोआप उघडतं, आणि पोट भरल्यावर मान वळवणं, ओठ मिटणं या मुलाच्या खुणाच विझतात. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा अजिबात नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराहून जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे.

सुरुवात कशी करायची

पहिले तीन दिवस काहीही बदलू नका. फक्त जेवणाला किती मिनिटं लागतात ती लिहून ठेवा. नंतर दिवसातलं एकच जेवण निवडा, बहुतेक घरांत रात्रीचं सोयीचं पडतं. दर आठवड्याला तीन-चार मिनिटं वाढवा. आठ मिनिटांवरून एकदम पंचवीसवर उडी मारली तर अन्न निवतं, चिडचिड होते आणि तिसऱ्या दिवशी प्रयोग संपतो.

ताट निम्मं झालं की दोन मिनिटं थांबा. त्या थांब्यात एक गोष्ट चाखून बघा: भाजी पहिल्या घासाइतकी चविष्ट लागते का? एकच चव पुन्हा पुन्हा घेतली की ती फिकी पडते, हा जिभेचा आणि मेंदूचा स्वभाव आहे. दुसरी चव आली की भूक परत जागी होते. पोट भरलेलं असताना श्रीखंडाला जागा निघते ती यामुळेच. म्हणून गोड शेवटी आणण्यापेक्षा ताट वाढतानाच थोडं वाढून घ्यावं. दुसऱ्यांदा घ्यायचं असेल तर पाच मिनिटं थांबून घ्या, आणि आधी ताक प्या.

सगळ्यात जास्त वेळा फसतं ते भुकेमुळे. दुपारी एकला जेवलेला माणूस रात्री साडेनऊला ताटावर बसला तर कुठलाच नियम टिकत नाही. साडेपाच-सहाला मूठभर फुटाणे, एखादं केळं किंवा पेलाभर ताक पोटात गेलं पाहिजे. दुसरं म्हणजे घासाचा आकार. पोळीचा तुकडा अंगठ्याच्या पेराएवढा लांब-रुंद असला की पुरे. मोठा तोबरा चावताच येत नाही, तो नुसता इकडून तिकडे फिरतो.

कचेरीत अर्ध्या तासाची सुट्टी असेल तर डबा गरम करणं आणि हात धुणं यात सात-आठ मिनिटं जातात, घासून-विसळून ठेवायला तीन-चार. उरलेली अठरा मिनिटं जेवायला पुरतात, फक्त ती टेबलावरच्या संगणकापासून लांब घालवायला हवीत. कामगारांसाठी १९४८च्या कारखाने अधिनियमाने सलग काम पाच तासांहून जास्त होण्याआधी किमान अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची केली होती. ती सुट्टी फोनवर कामं उरकण्यासाठी ठेवलेली नव्हती.

काही जणांनी जपून राहावं. जेवणाआधी लगेच काम करणारं इन्सुलिन घेणाऱ्यांनी इंजेक्शन घेतल्यावर जेवण सुरू करायला उशीर करू नये, साखर खाली जाते. जेवणाचा वेळ लांबवण्याआधी डॉक्टरांशी डोस आणि वेळ बोलून घ्यावी. खाण्याशी मनाचं भांडण असलेल्यांनी, म्हणजे उपाशी राहणं किंवा अनावर खाणं हा आजार झालेल्यांनी, घास आणि मिनिटं मोजायच्या भानगडीत पडू नये. आणि घन घास छातीशी अडकल्यासारखा वाटत असेल, पाण्यानेच उतरत असेल, गिळताना ठसका लागत असेल, तर तो सावकाशपणाचा प्रश्न नाही. तपासून घ्या.

राहिली एक गोष्ट, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. गरम फुलका एकेक करून ताटात पडतो तेव्हा जेवणाऱ्याला आपोआप थांबे मिळतात. पण तव्यापाशी उभी असलेली बाई शेवटी, थकून, ओट्याशी उभ्याउभ्या पाच मिनिटांत जेवते. घरातल्या तिघांचं सावकाश जेवण चौथीच्या घाईवर उभं असेल तर ते थांबवायला हवं. पोळ्या आधी करून ठेवा. सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवल्या तर बराच वेळ मऊ राहतात. डब्याच्या तळाशी फडक्याची दुहेरी घडी हवी, नाहीतर वाफेने खालच्या दोन पोळ्या ओल्या होतात. भाकरी अशी दडपून ठेवू नका, जाळीवर वाफ जाऊ द्या आणि मगच झाका. गॅस बंद करून बसायच्या आधी मीठ, लिंबू, पाण्याचा तांब्या, ताकाचं पातेलं, भाताचा डाव, लोणच्याची बरणी असं सगळं हाताशी आणून ठेवा. तरीही काहीतरी राहतंच. त्यासाठी उठणारं माणूस रोज वेगळं असावं.